वेल उजवीकडे जाते

"कापड एकदाच कापलं जातं; विचारायला तोंड दहादा उघडलं तरी चालतं."

माझ्या आत्याचं हे येता-जाता म्हणायचं वाक्य. गिऱ्हाईक माप देताना पोट आत ओढून उभं राहिलं की ती हे म्हणायची. शेजारीण घरातलं गाऱ्हाणं घेऊन आली की म्हणायची. आणि आतोबा, म्हणजे तिचे यजमान, तिला न विचारता बाजारातून काही घेऊन आले, तर जरा मोठ्यानं म्हणायची.

आत्या शिंपीकाम करायची. कुणी 'शिवणारी बाई' म्हटलं तर तिला राग यायचा. "फाटकं सांधते ती शिवणारी. मी कापते," असं म्हणून ती मोठी कात्री हवेत एकदा चालवून दाखवायची. लोकांनी तिचं नाव कात्रीबाई ठेवलं होतं. ते हातातल्या कात्रीमुळे की तोंडातल्या, यावर दोन मतं होती. तिला दोन्ही मान्य होती.

तिचं दुकान म्हणजे रस्त्यालगतची एक खोली. एक खिडकी, खिडकीपुढे कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात पायानं चालवायचं मशीन, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले कागदी नमुने. समोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे वाचनालयाची लांब भिंत. त्या भिंतीत ओळीनं खिडक्या होत्या आणि प्रत्येक खिडकीच्या डोक्यावर लाकडी जाळीचा एकेक झरोका. कुणा जुन्या कारागिरानं त्या सगळ्या झरोक्यांतून मिळून एकच वेल कापून काढली होती. दारापाशी तिचं मूळ. तिथून ती एका झरोक्यातून निघून दुसऱ्यात शिरायची, पानं टाकत, कळ्या धरत, उजवीकडे, आणखी उजवीकडे जात शेवटच्या खिडकीवर फुलायची. आत्या दुपारचा डबा त्या वेलीकडे बघत खायची. कितीतरी झग्यांच्या घेरावर तिनं हीच वेल भरली होती आणि ते झगे घालून फिरलेल्या मुलींना ते ठाऊकही नव्हतं.

पुढे तयार कपड्यांची दुकानं आली, आणि त्याच सुमाराला आत्याचा गुडघा कुरकुरायला लागला. तिनं दुकान बंद केलं. "मी बंद केलं, कुणी बंद पाडलं नाही," हे ती न विचारता सांगायची.

घरी बसली खरी, पण हात बसेनात. पडदे उसवले, पुन्हा शिवले. उशांचे अभ्रे उसवले, पुन्हा शिवले. आतोबा पूर्वी बस चालवायचे. निवृत्त झाल्यापासून खुर्चीत बसून रेडिओ ऐकायचे. ते एकदा माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमच्या बहिणीला काहीतरी काम बघा हो. घरातलं कापड संपलंय. आता मलाच उसवून नव्यानं शिवेल."

माझे वडील आत्याचे थोरले भाऊ, धंद्यानं सुतार. दारं, खिडक्या, कपाटं असं भक्कम काम करायचे. नाजूक कामाला ते 'चोचले' म्हणत. एकदा आत्या त्यांच्या कामाच्या शेडमध्ये गेली, तर तिथे कुणीतरी दुरुस्तीला टाकलेलं लाकडी कोडं पडलं होतं. एकमेकांत बसणारे तुकडे, सगळे मिळून हत्ती. आत्यानं एक तुकडा उचलून त्याची कड बोटानं चाचपली. कापडाची वीण बघावी तशी.

"दादा, हे कशानं कापलं रे?"

"स्क्रोल सॉनं. हौशी लोकांचं मशीन असतं. खाली टेबल, वर एक हात, मधे दोऱ्याएवढं पातं ताणलेलं. पातं जागच्या जागी वरखाली होतं, फळी आपण फिरवायची."

"म्हणजे शिलाई मशीनच की. दोरा ओवायचा नाही, एवढंच."

"अगं, लाकूड आहे ते, मलमल नव्हे. तुझ्या बापजन्मात जमायचं नाही."

"बाप तोच तुझाही," आत्या म्हणाली आणि हत्तीचा तुकडा खाली ठेवून निघून आली.

ती मशीन घ्यायला गेली तेव्हा दुकानात काय झालं, ते मला आतोबांनी सांगितलं. ते तिच्यासोबत गेले होते, पिशवी धरायला.

अवजारांच्या दुकानदारानं आधी सगळ्यात मोठं मशीन दाखवलं. "याचा हात बघा केवढा लांब. दाराएवढी फळी फिरेल."

"दारं माझा भाऊ करतो. मला दार कापायचं नाही."

मग त्यानं सगळ्यात छोटं पुढे केलं. "मग हे घ्या. नवशिक्यांसाठीच आहे. हलकं, एका हातानं उचला."

आत्यानं ते एका हातानं उचललं आणि तसंच परत ठेवलं. "हलकं मशीन म्हणजे हलक्या कानाचा माणूस. कुणी काही बोललं की थरथरतो. चालू करून दाखवा."

"अहो, चालतंय ते. कोरं आहे."

"बंद असली की सगळीच मशीनं गुणी असतात, झोपलेल्या पोरासारखी. चालू करा."

दुकानदारानं बटण दाबलं. आत्यानं पर्समधून दोऱ्याचं रिकामं रीळ काढून मशीनच्या टेबलावर उभं ठेवलं. रीळ नाचत नाचत कडेला गेलं आणि आतोबांच्या पिशवीत पडलं. आत्यानं रीळ परत घेतलं आणि फळीवरच्या तिसऱ्या मशीनकडे बोट केलं. तेही लहानच होतं, रंग उडालेल्या खोक्यात मागे सरकवलेलं, पण बूड ओतीव लोखंडाचं. त्याच्यावर रीळ थोडं शहारलं आणि उभं राहिलं. बाजूला वेग कमीजास्त करायची खुंटी होती. आत्यानं ती अगदी खाली आणली आणि पातं सावकाश वरखाली होताना बघत राहिली.

"आता पातं कसं धरतं ते दाखवा."

त्यात दोन तऱ्हा होत्या. काही मशीनना दोन्ही टोकांशी बारीक आडवी खिळी असलेलं पातं लागायचं. ते खाचेत अडकवलं की झालं, सोपं. काहींना साधं सपाट पातं, दोन्हीकडून स्क्रूनं आवळायचं. दुकानदार म्हणाला, "खिळीवालं घ्या. बदलायला सोपं."

"आणि जाळी कापायची तर? भोक पाडून त्यातून पातं ओवायला लागेल. मग प्रत्येक भोक या खिळीएवढं मोठं करू? म्हणजे सुईला दोन्हीकडे गाठी मारून भरतकाम करण्यासारखं झालं. मला साधं पातं."

ओतीव बुडाच्या मशीनला साधं पातं चालत होतं. दुकानदार म्हणाला, "बाई, हे अगदी प्राथमिक आहे हं. पुढे मोठं लागेल."

"प्राथमिक असू दे. त्याच्या चुका त्याच्याकडे आणि माझ्या माझ्याकडे राहिल्या म्हणजे झालं. थरथर मशीनची की हाताची, तेच कळलं नाही तर मी शिकणार काय? आणि याला पायाचं बटण जोडून द्या."

"हाताचं आहे की."

"हात फळीवर असणार. थांबवायला काय नाकानं दाबू?"

दुकानदार हसला. बटण जोडता जोडता त्यानं विचारलं, "याआधी कुठलं वापरत होता?"

"मोठं," आत्या म्हणाली. आतोबांनी पिशवीत तोंड घातलं.

घरी मागच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात, मशीन एका जड टेबलावर बोल्टनं आवळून बसवलं. डोळ्यांवर चष्मा, नाकावर फडकं, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पहिला दिवस पाती तुटण्यात गेला. शिलाई मशीनखालचे दाते कापड आपणहून पुढे ओढतात. शिंप्यानं नुसती दिशा द्यायची. इथे फळी जागची हलेना. आत्यानं मग ढकलली, तर पातं वाकलं आणि टुक करून तुटलं. दुसरं लावलं, तेही तुटलं. बाहेर आतोबांनी रेडिओचा आवाज वाढवला.

"अहो, बंद करा ते," आत्या आतून ओरडली. "मला पातं ऐकायचंय."

तिनं पातं बोटानं छेडून बघितलं. सैल असलं की ते भदभद वाजायचं, बेतानं आवळलं की टणक. दोऱ्याचा ताण तिला आयुष्यभर कळत आला होता, पात्याचाही कळला. मग कळलं की पातं सरळ जात नाही, जुन्या कात्रीसारखं एका अंगाला ओढतं, तेव्हा फळीच थोडी तिरकी धरायची. मग कळलं की दाते वरून खाली कापतात, त्यामुळे फळीची वरची कड स्वच्छ येते आणि खालची केसाळ. फळी उडू नये म्हणून वरून दाबणारा एक पाय होता. तो रेघेच्या आड यायचा, म्हणून तिनं तो काढून ठेवला आणि बोटांनीच दाबायला लागली, बोटं पात्यापासून लांब आणि बाजूला ठेवून.

एक गोष्ट मात्र शिकावी लागली नाही. कोपरा आला की शिंपी काय करतो? सुई कापडात रोवलेली ठेवतो आणि कापड सुईभोवती फिरवतो. आत्याची फळी पहिल्या दिवसापासून पात्याभोवती तशी फिरली. पानाचं टोक जिथे संपतं तिथे ती पुढे ढकलणं थांबवायची, फळी जागच्या जागी गिरकी घ्यायची आणि परतीची रेघ सुरू व्हायची. वडिलांनी हे एकदा दारातून बघितलं होतं. त्या दिवशी ते चहा न पिताच घरी आले.

शेजारपाजारच्या मुलांकडे मासे, कासवं, ससे जमायला लागले. वडील म्हणायचे, "झाली खेळणी करून? कामाचं काही कर."

तर वाचनालयाच्या छतावरचा पाण्याचा नळ कधीपासून गळत होता, आणि मधल्या दोन खिडक्यांवरचे झरोके कुजून गेले होते. दुरुस्ती आणि रंगाचं काम निघालं तेव्हा लाकूडकाम वडिलांकडे आलं. वडील परांचीवर चढले, कुजलेली जाळी हातात घेतली, तर तिचा भुगा झाला. खाली उतरून त्यांनी ग्रंथपालबाईंना सांगितलं, "हे कापणारे आता कुणी राहिले नाहीत. माझ्या जिगसॉ करवतीचं पातं एवढ्या वळणात शिरत नाही. दोन झरोक्यांना काच बसवतो."

ग्रंथपालबाई मऊ बोलणाऱ्या, पण कामात चोख. त्या म्हणाल्या, "दोनच काचा मधेच विचित्र दिसतील. वाचनालयाच्या मंडळाचं म्हणणं, दिसायला एकसारखं हवं. मग सगळेच झरोके काढू आणि सगळीकडे काच लावू."

आत्या पुस्तक परत द्यायला आली होती. तिच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं.

"वेल काढायची नाही," ती म्हणाली.

वडिलांनी वळून बघितलं. "तुला कोण विचारतंय?"

"दोन झरोके मी कापून देते."

"कशानं? कात्रीनं?"

"ज्यानं ससे कापते त्यानं. बाई, परांची कधी उतरवणार? त्याच्या आत देते. नाही दिले तर खुशाल काचा लावा, मी तोंड उघडणार नाही."

आत्या तोंड उघडणार नाही, ही मोठीच पैज होती. ग्रंथपालबाईंनी मान हलवली.

लाकूड जुन्या झरोक्यांशी जुळायला हवं होतं. वाचनालयाच्या एका मोडक्या बाकाची पाठ त्याच लाकडाची निघाली. तिच्यातून धडधाकट अशा दोनच फळ्या मिळाल्या. वडिलांनी त्या मापात कापल्या आणि एका बाजूनं रंधा मारून गुळगुळीत करून दिल्या. दुसरी बाजू करडी, खरबरीत राहिली. "मागची बाजू कोण बघतंय? आणि अजून रंधा मारला तर फळी पापडासारखी होईल. सांभाळून. तिसरी फळी नाही."

आत्यानं शेजारच्या चांगल्या झरोक्यावर कागद लावून वेल उतरवून घेतली. मूळ आणि फूल सोडलं तर मधल्या सगळ्या झरोक्यांत वेल सारखीच होती, म्हणून दोन्ही झरोक्यांना एकच नमुना चालणार होता. आणि शिंपी सारखं काही दोनदा कापत नाही. थर लावून एकदाच कापतो. तिनं दोन फळ्या एकावर एक ठेवल्या, कडा चिकटपट्टीनं आवळल्या, वरच्या फळीवर कागद डकवला, प्रत्येक पोकळीत बारीक भोक पाडलं आणि पातं ओवलं. एक पोकळी झाली की पातं सोडवायचं, पुढच्या भोकात ओवायचं, आवळायचं, छेडून ऐकायचं. दुपारमागून दुपार हेच. आतोबा मधूनमधून दारात येऊन भुसा फुंकून द्यायचे आणि परत जायचे. पानांचे देठ काडीएवढे होते. एकही तुटला नाही.

ज्या दिवशी संध्याकाळी परांची उतरायची होती, त्या दुपारी आत्या दोन्ही जाळ्या चादरीत गुंडाळून वाचनालयात घेऊन आली. वडिलांनी काचा आधीच कापून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. आत्यानं टेबलावर चादर उलगडली, जाळ्या शेजारी शेजारी मांडल्या, गुळगुळीत बाजू वर करून, आणि दोन पावलं मागे सरकली.

काम असं उतरलं होतं की वडिलांचा हात आपोआप पुढे गेला. मग तो मधेच थांबला.

एक वेल उजवीकडे निघाली होती. दुसरी डावीकडे.

"एक वेल..." ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या, "परत निघालीय वाटतं."

वडिलांनी एकदा या जाळीकडे, एकदा त्या जाळीकडे बघितलं. "काय केलंस काय गं? फळ्या कशा ठेवल्या होत्यास?"

आत्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता, पण आवाज नव्हता उडाला. "सुलटीवर सुलट," ती म्हणाली. "चांगली बाजू आत."

"आणि कागद?"

"उलट्या बाजूवर. सुलट्यावर कुणी खुणा करतं का?"

शिंप्याचा हात तसाच जातो. कापडाच्या चांगल्या बाजू समोरासमोर ठेवायच्या, खडू उलट्या बाजूला लावायचा आणि कापायचं, म्हणजे एक डावी निघते, एक उजवी. सदऱ्याला तेच लागतं. भिंतीला दोन्ही उजव्या लागत होत्या.

वडील मटकन बाकावर बसले आणि त्यांना हसू फुटलं. "बाह्या कापल्यास की गं! वाचनालयाला बाह्या लावल्यास!"

"चुकलं," आत्या म्हणाली. "माझंच चुकलं. झालं हसून?"

वडिलांचं हसू ओसरलं. बाहेर रंगारी परांचीचे दोर सोडवायला लागले होते. ग्रंथपालबाईंनी एकदा काचांकडे बघितलं. त्यांना ते बघायचं नव्हतं, पण शब्द सगळ्यांसमोर ठरला होता.

आत्या टेबलापाशी गेली. चुकलेली जाळी तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि पालथी केली. वेल उजवीकडे गेली.

"अगं, पण ती मागची बाजू आहे," वडील म्हणाले. "करडी, खरबरीत. शेजारी ठेवून बघ, ठिगळ दिसतंय."

"लोकांच्या घासलेल्या कॉलर उसवून पालटून दिल्यात मी. आतली बाजू बाहेर काढली की शर्ट आणखी दोन वर्षं चालतो. कडा बघ आधी. कागद या बाजूला होता, म्हणजे पातं इथून शिरलंय. एक तरी केस आहे का?"

वडिलांनी कडेवरून बोट फिरवलं. नव्हता.

"राहिलं फक्त तोंड. ते गुळगुळीत कर."

"यावर रंधा? आता? भुगा होईल. खरवडायची पट्टी चालवली तरी देठ मोडतील, त्यांना बाजूनं आधार कुठाय?"

आत्यानं खांद्यावरची पिशवी टेबलावर पालथी केली. जाळीतून निघालेले सगळे तुकडे बाहेर आले, नखाएवढ्यापासून तळहाताएवढ्यापर्यंत. चिंधी टाकायची नाही, ही धंद्याची खोड लाकडातही तिच्यासोबत आली होती. ती एकेक तुकडा उचलून ज्याच्या त्याच्या पोकळीत बसवायला लागली. पातं बारीक असल्यानं फट केसाएवढीच होती. जिथे तुकडा सैल वाटला तिथे तिनं कागदाची घडी सारली. ग्रंथपालबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. त्यांना पहिला तुकडा जमला नाही, दुसरा जमला, मग त्या थांबेनात. बघता बघता वेल नाहीशी झाली आणि टेबलावर पुन्हा सबंध फळी आली.

"आता चालव पट्टी," आत्या म्हणाली.

"तूच चालव. तुझी जाळी आहे."

"माझा हात कापणाऱ्याचा. खरवडायला हलका हात लागतो, तो तुझा आहे."

बहिणीच्या तोंडून आपल्या हाताचं कौतुक वडिलांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी पट्टीची धार अंगठ्यावर बघितली, बाहेर जाऊन रंगाऱ्यांना "जरा दम धरा रे, चहा घ्या" म्हणून सांगितलं, आणि येऊन फळीवर वाकले. पट्टीखालून पातळ करडी साल निघायला लागली आणि तिच्याखालून लाकडाचा खरा रंग. आत्या दोन्ही तळवे पसरून तुकडे दाबून धरत होती, पट्टी जवळ आली की हात उचलत होती, पुढे गेली की पुन्हा टेकवत होती. एकदाच वडील म्हणाले, "बोटं काढ की." आत्या म्हणाली, "तू बघून चालव की."

मग फळी हळूच उचलली, मागून टिचक्या मारल्या, तुकडे खाली गळले आणि वेल उभी राहिली. एका कळीचा देठ मात्र मोडला. वडिलांनी सरस लावून तो सांधला आणि कुठे सांधलाय ते कुणाला सांगितलं नाही.

दोन्ही झरोके बसवले तेव्हा ऊन भिंतीवर तिरपं आलं होतं. पालटलेली जाळी अजून किंचित काळसर दिसत होती. वेल दारापासून निघाली, मधल्या दोन खिडक्यांवरून न अडखळता पार झाली आणि शेवटच्या खिडकीपर्यंत गेली. ग्रंथपालबाई काचांकडे हात करून रंगाऱ्यांना म्हणाल्या, "या मागच्या खोलीत ठेवा. कपाटाला होतील."

आत्या रस्त्यावर उभी राहून बघत होती. तिनं चादर झटकली, घडी घातली, तुकड्यांची पिशवी खांद्याला लावली आणि निघाली. दुखरा गुडघा थोडा जपत, पण मान ताठ.

वडील परांचीवरच होते. शेवटचा खिळा अजून ओठांत धरलेला. रंगाऱ्यांनी खालून दोनदा हाक मारली तरी ते उतरले नाहीत. बहीण वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते तिच्या पाठीकडे बघत उभे होते.